नवीन घराच्या परड्यात काय काय उगवलंय ते ओळखायचं कसं

सध्या मुंबई-पुण्याकडचे बरेच लोक कोकणात जुनं घर घेतायत, नाहीतर आजोळचं बंद घर वाटणीत येतं आणि मग पहिल्यांदाच सगळे तिथे जाऊन राहायला लागतात. कौलं, वायरिंग, विहिरीचा पंप सगळं बघून होतं, पण मागीलदारी गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, जे परडं पसरलेलं असतं त्यात काय काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मग पहिलं काम काय होतं तर ग्रास कटरवाला बोलवायचा आणि एकदा सगळं साफ करून घ्यायचं. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. त्या एका दिवसात सुरंगीचं रोप जातं, कुणीतरी हौसेने पोफळीवर चढवलेली मिरवेल जाते, जमिनीतले कंद कुदळीने फुटतात, आणि काय गेलं हे नवीन मालकाला कधी कळतही नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. बॉटनी शिकलेलं असायची काही गरज नाही, डोळे, नाक आणि वर्षभराचा धीर एवढं पुरतं. उदाहरणं कोकणातली आहेत कारण रोज तीच झाडं बघतो, पण घाटावरच्या बंगल्याच्या बागेलाही पद्धत हीच लागू पडते.

पायरी १: कोयता आत ठेवा आणि वही काढा

पहिले काही महिने फक्त घराभोवतीची वाट, विहिरीचा काठ आणि सेप्टिक टँकची झाकणं एवढंच मोकळं करा, बाकी हात लावू नका. आत शिरताना पायात बूट आणि हातात काठी हवीच, पाचोळ्यात फुरसं (छोटा विषारी साप) असू शकतं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात ते दुर्मिळ अजिबात नाही.

एका मोठ्या कागदावर परड्याचा ढोबळ नकाशा काढा, घर, विहीर, गडगा, न्हाणीघर, गोठ्याची जागा, आणि त्यावर जे जे झाड-झुडूप दिसतं त्याला नंबर द्या. नाव माहीत नसलं तरी चालेल, "७ नंबर, विहिरीजवळचं, पांढरी फुलं" एवढं पुरे. झाडाला नंबर लावताना डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून त्यावर खिळ्याने नंबर कोरायचा आणि सुतळीने सैल बांधायची. मार्करने लिहिलेलं पहिल्या पावसात जातं. आणि झाडाला खिळा ठोकायचा नाही, तारही आवळायची नाही.

हा नकाशा काढताना जागाच अर्धी माहिती देते. गडग्याच्या कडेने ओळीत जी झुडपं आहेत ती कुंपणासाठी लावलेली, म्हणजे बहुतेक मोगली एरंड, उंदीरमारी, निरगुडी, शेर किंवा अडुळसा ह्यातलं काहीतरी. न्हाणीघराचं सांडपाणी जिथे जातं तिथे केळ, आळू, कर्दळ, सोनटक्का असं पाणी पिणारं सापडणार. तुळशीच्या आसपास पूजेची फुलं, म्हणजे तगर, जास्वंद, अनंत, अबोली. सारख्या अंतरावर उभी असलेली झाडं मुद्दाम लावलेली असतात, आणि भिंतीच्या फटीत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात जे उगवलंय ते पक्ष्यांनी पेरलेलं, तिथे वड, पिंपळ किंवा उंबर असायची शक्यता फार. भिंतीतलं असं रोप मात्र लहान असतानाच काढून दुसरीकडे लावा, नंतर त्याची मुळं चिरे हलवतात.

पायरी २: विषारी काय आहे ते सगळ्यात आधी शोधा

घरात लहान मुलं असतील, कुत्रा असेल किंवा शेजारची गुरं आत येत असतील तर हे पहिल्याच आठवड्यात करायचं काम आहे. नियम एकच आणि त्याला अपवाद करू नका: नाव पक्कं झाल्याशिवाय परड्यातलं काहीही तोंडात घालायचं नाही, चाखून बघणं ही ओळखायची पद्धत नाही.

कण्हेर आणि बिट्टी ही दोन तर जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात असतात. कण्हेरीची लांबट पानं फांदीवर एका जागी तीन-तीन अशी येतात, फुलं गुलाबी, लाल किंवा पांढरी. बिट्टीची पानं अजून अरुंद, एकाआड एक, फुलं पिवळी नरसाळ्यासारखी, तोडलं की पांढरा चीक, आणि हिरवं कोनेदार फळ. दोन्ही मूळ-पानांपासून बियांपर्यंत विषारी आणि परिणाम थेट हृदयावर. फुलं देवाला चालतात म्हणून झाड ठेवायला हरकत नाही, पण मुलांना बिट्टीच्या फळांशी खेळू देऊ नका.

मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि मग उलट्या-जुलाबाने दवाखान्यात जावं लागतं, शाळेच्या पोरांच्या बाबतीत ह्या बातम्या पुन्हा पुन्हा येत असतात. काटेरी बोंडाचा साधा एरंड तर त्याहून घातक. धोत्रा काटेरी फळावरून लगेच कळतो. गुंजेचा वेल शेंगा फुटल्यावर कळतो, लालभडक बी आणि त्यावर काळा ठिपका, ते बी फोडून पोटात गेलं तर जिवावर बेततं. पावसाळ्यात कळलावी उगवते, तिची खूण मला फार आवडते, पानाचं टोक पुढे जाऊन स्प्रिंगसारखं गुंडाळतं आणि त्यानेच ती शेजारच्या झाडाला धरून वर चढते. फूल लाल-पिवळं, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, बघत राहावं इतकं सुंदर. पण तिचा कंद खाण्याच्या कंदासारखा दिसतो आणि तो अत्यंत विषारी आहे, त्यामुळे परड्यात खणताना सापडलेला कुठलाही अनोळखी कंद उकडायला टाकू नका.

आणि एक जोडी खास सांगतो कारण इथे चूक महागात पडते. दालचिनीचं पान आणि काजऱ्याचं पान. दोघांची पानं समोरासमोर, दोन्ही चकचकीत, दोघांनाही बुडाकडून निघून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा (काजऱ्याला कधी पाच). लांबून बघून कुणालाही वाटेल की चला, मसाल्याचं झाड मिळालं. पान चुरगळा. दालचिनी असेल तर बोटांना वास लागतोच, तासभर जात नाही, आणि कोवळी पालवी लालसर असते. काजऱ्याला तो वास नाही, आणि त्याला संत्र्याच्या रंगाची गोल फळं लागतात ज्यात चपट्या बटणासारख्या बिया असतात. काजरा म्हणजे कुचला, स्ट्रिकनीन हे जहाल विष ह्याच बियांतून निघतं. वास आला नाही तर ते पान भातात जाता कामा नये.

त्वचेला त्रास देणारी वेगळी. बिब्ब्याच्या फळाचा रस लागला की फोड येतात, खाजकुयलीच्या शेंगेवरची तपकिरी लव वाऱ्यावर उडली तरी अंग खाजतं, शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. म्हणून पुढच्या पायरीत चीक बघायला सांगणार आहे तेव्हा तोंड लांब ठेवूनच देठ तोडा आणि हात धुवा.

पायरी ३: फूल नसताना झाड वाचायचं

नवीन माणूस फुलाची वाट बघत बसतो. खरं म्हणजे पान, देठ आणि फांदी ह्यांवरूनच निम्म्याहून जास्त काम होतं, आणि ते बाराही महिने तुमच्यासमोर असतात.

पहिल्यांदा बघा पानं फांदीवर कशी बसलीत. समोरासमोर जोडीने, एकाआड एक, की एका जागी गोलाकार. सातवीणीची पानं सहा-सात एकत्र गोल येतात, एकदा बघितली की विसरत नाही. मग बघा तुम्ही ज्याला पान म्हणताय ते खरंच एक पान आहे की मोठ्या पानाचा तुकडा. कढीपत्त्याची आपण फोडणीत घालतो ती सगळी दलं, त्यांची अख्खी काडी मिळून एक पान. हे कसं ठरवायचं? पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे बगलेत बारीक डोळा (नवीन कोंब) असतो. डोळा जिथे, तिथे पान सुरू. दलाच्या बगलेत डोळा नसतो.

ह्या एवढ्या दोन गोष्टींवरून किती गुंता सुटतो बघा. गुलमोहर आणि नीलमोहर, दोघांची पानं पिसासारखी बारीक बारीक, रोप लहान असताना नव्वद टक्के लोक फसतात. पण नीलमोहराची पानं फांदीवर समोरासमोर असतात आणि गुलमोहराची एकाआड एक. शेंगा मिळाल्या तर प्रश्नच नाही, गुलमोहराची तलवारीसारखी लांब आणि कडक, नीलमोहराची गोल चपटी. पिवळा गुलमोहर म्हणतात त्याच्या कळ्यांवर आणि कोवळ्या फांद्यांवर गंजाच्या रंगाची मखमल असते. तसंच कडुनिंब आणि बकाण निंब: कडुनिंबाच्या काडीवर थेट दलं असतात, बकाण्याच्या काडीला आधी फाटे फुटतात आणि मग त्या फाट्यांवर दलं. आणि "अशोक" म्हणून दाखवलं जाणारं उंच सरळ झाड, ज्याची एकेकटी लांब पानं कडेला लाटांसारखी असतात, तो आसुपालव. सीतेच्या अशोकाचं पान संयुक्त, म्हणजे एका काडीवर अनेक दलं असलेलं असतं, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती, आणि केशरी फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांवर येतात.

मग चीक. पानाचा देठ तोडला की पांढरा चीक येतो का बघा. तगर आणि अनंत ही जोडी घ्या, दोघांची चकचकीत हिरवी पानं समोरासमोर, दोघांना पांढरी फुलं, फुलं नसताना ओळखायची कशी. तगरीचा देठ मोडला की लगेच दुधाचा थेंब. अनंताला थेंब नाही, पण त्याच्या दोन पानांच्या देठांच्या मधोमध फांदीवर एक छोटं टोकदार पापुद्र्यासारखं दिसतं, नखाने उचकता येतं. हा पापुद्रा पिटकुळीला (म्हणजे इक्झोराला) असतो, कॉफीला असतो, ती सगळी एकाच कुळातली. एकदा तो बघायची सवय लागली की अख्खं कुळ हाताला लागतं.

फांदीवर बारीक वळं असतं का तेही बघा, पान जिथून गळलंय तिथे पूर्ण गोल रेघ. वळं आहे आणि पांढरा चीकही आहे तर वड-उंबर-फणसाचं घराणं. वळं आहे पण चीक नाही, तर सोनचाफा असू शकतो.

पान उजेडाकडे धरून बघणं तर मुलांना सुद्धा फार आवडतं. सकाळच्या उन्हात लिंबाचं किंवा पपनसाचं पान डोळ्यासमोर धरा, आत टाचणीने टोचल्यासारखे असंख्य उजळ ठिपके दिसतील, त्या तेलाच्या ग्रंथी, वास त्यांच्यातून येतो. बेल, कढीपत्ता, लिंबू, सगळ्यांना ते ठिपके. लिंबाच्या जातीत देठाला पंख किती ते बघायचं: पपनसाला देठाचा पंख एवढा रुंद की दुसरं छोटं पानच वाटतं, महाळुंगाला जवळजवळ नाहीच.

बोटांनी कळणाऱ्या खुणा पण सोडू नका. तुळस, सब्जा, पानओवा ह्यांची कोवळी काडी चिमटीत फिरवली तर चौकोनी लागते. पारिजातकाची काडीही चौकोनी, पण त्याचं पान पॉलिशपेपरसारखं खरखरीत. टणटणीचंही तसंच, फक्त तिला उग्र वास येतो. गवती चहाचं पान चुरगळलं की लिंबासारखा वास, वाळ्याच्या पानाला काही वास नाही, त्याचा वास मुळांत. आणि घोळीची भाजी खुडताना काडी मोडून बघा, दूध आलं तर ती घोळ नाही, दुधीच्या (भोपळा नव्हे) जातीतलं जमिनीलगत पसरणारं तण आहे, टाकून द्या.

पायरी ४: माणसांना विचारा

शेजारच्या काकी, आजी, गुरं चारणारे काका, पूर्वीच्या मालकांकडे शिपणं करायला (झाडांना पाणी घालायला) येणारे गडी, ह्यांना त्या परड्याचा इतिहास माहीत असतो. "काकी, ह्या विहिरीजवळचा झाड कसला हो?" एवढं विचारा आणि चहा पुढे करा, हे कुणी लावलं, फळ कधी धरतं, गोड की आंबट, सगळं निघतं. एकदम यादी घेऊन बसू नका, परड्यातून बरोबर फिरा, झाडासमोर उभं राहिल्यावर माणसाला आपोआप आठवतं.

फक्त नाव ऐकल्यावर लगेच पक्कं धरू नका. एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असतं, आणि चाफा म्हटलं तर सोनचाफा, हिरवा चाफा, पांढरा चाफा, नागचाफा, कवठी चाफा, भुईचाफा ह्यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही. म्हणून वहीत गावातलं नाव लिहा, कुणी सांगितलं ते लिहा, आणि नंतर बोटॅनिकल नाव मिळालं की शेजारी ते लिहा. नर्सरीवाल्याशी किंवा डॉक्टरशी बोलताना तेच उपयोगी पडतं.

पायरी ५: फोनची मदत, पण शेवटचा शब्द त्याचा नको

गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट ही तिन्ही चांगली आहेत, मी सतत वापरतो. पण लोक एक धूसर फोटो काढतात ज्यात पाच झाडं एकत्र आहेत आणि मग म्हणतात ॲप चुकीचं सांगतं. नीट करायचं तर एका झाडाचे चार-पाच फोटो हवेत: पूर्ण झाड लांबून, पान वरून, तेच पान खालून, पानं फांदीला जोडलेली जागा जवळून, आणि फूल-फळ असेल तर समोरून आणि बाजूनेही. पानामागे पांढरा कागद धरा. भर दुपारी काढू नका, सकाळी किंवा ढगाळ उजेडात काढा.

उत्तर आल्यावर पहिलंच नाव उचलू नका, पहिली चार-पाच बघा. सगळी एकाच कुळातली असतील तर कुळ तरी बरोबर आहे असं समजा आणि मग पायरी ३ मधल्या खुणांनी तपासा: ॲप तगर म्हणतं, मग चीक आहे का? आयनॅचरलिस्टवर दुसरी माणसं बघून नाव पक्कं करतात, झाड रानटी नसून कुणी मुद्दाम लावलेलं असेल तर तिथे तशी खूण करायला विसरू नका. आणि पुन्हा सांगतो, ॲपने खाण्याची भाजी म्हटलं म्हणून खाऊ नका.

पायरी ६: चारी ऋतू जाऊ द्या

मे महिन्यात जमीन रिकामी दिसते, पण तिच्या पोटात खूप काही असतं. पहिला पाऊस पडला की सुरणाचं फूल थेट मातीतून वर येतं, जांभळट-तपकिरी, कुजक्या मांसासारखा वास, कुठे उंदीर मेलाय का म्हणून लोक शोधत बसतात. मग काही दिवसांनी एकच दांडा आणि वर छत्रीसारखं पान, दांड्यावर पट्टे-ठिपके बघून साप वाटू शकतो. त्याचीच रानटी बहीण शेवळं, ठाण्या-मुंबईच्या बाजारात काकड नावाच्या आंबट फळांबरोबर विकायला येतात ती. भुईचाफा, रानहळद, आंबेहळद, करांद्याचे वेल, सगळं जून-जुलैत डोकं वर काढतं. आंबेहळदीचा कंद मोडला की कैरीचा वास येतो, शंकाच राहत नाही. जिथे जिथे असं काही उगवेल तिथे काठी रोवून ठेवा कारण दिवाळीनंतर ते परत गायब होतं आणि तुम्ही नेमका तिथेच खड्डा खणाल.

श्रावणापासून दसऱ्यापर्यंत पारिजातक, सोनटक्का. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी सातवीणीचा घमघमाट. थंडी सरताना उंदीरमारी निष्पर्ण होऊन गुलाबी फुलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी, वेंगुर्ल्याकडे तिचे वळेसर बाजारात येतात ना, ती, फुलं पानांत नाही तर जुन्या जाड फांद्यांवर चिकटून येतात. एप्रिल-मे बहावा आणि ताम्हण. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, आणि ते परड्यात असूनही कित्येकांना माहीत नसतं.

ह्या वर्षात काय काढायला हरकत नाही? गाजर गवत, ज्याची नोंद आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि आता ते सगळीकडे आहे, ते फुलायच्या आत हातमोजे घालून मुळासकट उपटा. रानमोडी आणि टणटणी वाढू देऊ नका. सुबाभळीची रोपं लहान असतानाच काढा. टाकळा, कुर्डू मात्र कोवळी असताना भाजीला ठेवा, ओळख पटल्यावर.

पायरी ७: "फळच देत नाही" म्हणून निकाल लावू नका

रातांब्याची (कोकमाची) नर आणि मादी झाडं वेगळी असतात, जायफळाचीही, पपईचीही. नर पपईला लांब लोंबत्या दांड्यांवर फुलं येतात. नर रातांबा फळ देणार नाही, पण एखादा ठेवलेला बरा, परागासाठी. कलमांचं वेगळंच असतं. हापूसचं कलम रायवळच्या रोपावर बांधतात, चिकूचं रायणीवर, आणि वर्षानुवर्षं लक्ष दिलं नाही की जोडाच्या खालून फूट येते आणि तीच झाड होऊन बसते. बुंध्यात खाली वाकून बघा, जोडाची गाठ दिसते. गाठीच्या वर आणि खाली पानं वेगळी दिसत असतील तर खालची फूट काढा, कलम परत जोर धरतं.

सगळं करूनही काही नंबर रिकामे राहतील. अशा झाडाची फुलासकट डहाळी वर्तमानपत्रात दाबा, वर वजन ठेवा, पावसाळ्यात कागद रोज बदला नाहीतर बुरशी येते, आणि जवळच्या कॉलेजच्या बॉटनी विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे.

आणि एखादं मोठं झाड काढायचंच असं ठरलं तर त्याचं नाव आधी पक्कं हवं, कारण तिथे कायदा येतो. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, हिरडा, ऐन, किंजळ ही झाडं आहेत, स्वतःच्या जागेत असली तरी परवानगी लागते. शहरी हद्दीत १९७५ चा कायदा लागतो आणि २०२१ पासून तिथे ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात. लाकूडवाला म्हणेल की काही लागत नाही ओ, मी बघतो सगळं. त्याला थांबवा, झाडाचा फोटो आणि नाव घेऊन वनविभागाच्या (शहरी हद्दीत पालिकेच्या) ऑफिसात जा आणि लेखी परवानगी हातात आल्यावरच त्याला बोलवा.